पगार निम्मा, तोही पक्का नाही! सी. व्ही. रामन सरकारी नोकरी सोडायला तीन वर्षं का थांबले?

दर २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आला की सी. व्ही. रामन यांचे फोटो स्टेटसवर फिरू लागतात. सोबत बऱ्याचदा हेही असतं की विज्ञानासाठी त्यांनी मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीवर लाथ मारली.

नोकरी सोडली हे खरं, पण लाथ वगैरे काही मारली नाही. नोकरी सोडायला रामन यांना दहा वर्षं लागली. त्यातली शेवटची तीन वर्षं तर मनासारख्या कामाची ऑफर समोर असताना गेली. कारण ती ऑफर पक्की नव्हती.

मुळात हिशेब खात्यात गेलेच कसे?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वयाच्या अठराव्या वर्षी रामन यांचा पहिला शोधनिबंध ब्रिटनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. असा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार हे ठरल्यासारखंच होतं. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जननी तपासलं आणि तिथली हवा तुम्हाला सोसणार नाही असं सांगितलं. विषय तिथेच संपला.

मग उरलं काय? तेव्हा भारतात संशोधनावर पोट भरेल अशा जागा जवळपास नव्हत्याच. शिक्षण खात्यातल्या वरच्या जागा युरोपियनांकडे आणि भारतीय प्राध्यापकांना पगार कमी. याच भेदभावाविरुद्ध जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तीन वर्षं पगारच घेतला नव्हता. आयसीएस व्हायचं तर परीक्षेसाठी इंग्लंड गाठावं लागे. भारतात बसून देता येईल अशी एक मोठी परीक्षा होती, ती वित्त खात्याची. रामन यांचे थोरले भाऊ आधीच त्या खात्यात होते. १९०७ मध्ये रामन यांनी परीक्षा दिली आणि पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं आणि दोघं कोलकात्याला पोहोचले. वय वर्षं १८, पद असिस्टंट अकाउंटंट जनरल. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइफ सेट!

ट्रामच्या वाटेवरची पाटी

ऑफिसला जाता-येता बऊबाजार स्ट्रीटवर रामन यांना एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये ही संस्था काढली होती. लोकांना विज्ञानाची व्याख्यानं ऐकवणं आणि भारतीयांना संशोधनाची जागा देणं हा उद्देश. इमारत होती, उपकरणं होती, पण तिथे बसून काम करणारं कुणी नव्हतं. महेंद्रलाल यांचे चिरंजीव अमृतलाल तेव्हा सचिव होते. त्यांनी रामन यांना प्रयोगशाळा मोकळी करून दिली.

तिथून जो दिनक्रम सुरू झाला तो वाचूनच दम लागतो. पहाटे उठून प्रयोगशाळा, पावणेदहाच्या सुमारास घरी येऊन घाईघाईत जेवण, मग ऑफिस, संध्याकाळी ऑफिसातून थेट पुन्हा प्रयोगशाळा आणि रात्री उशिरा घर. घराची सगळी जबाबदारी लोकसुंदरी यांच्यावर. हे त्याग-प्रकरण सांगताना त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

अडचण वेळेची होती, पण त्याहून मोठी अडचण बदलीची होती. १९०९ मध्ये रंगूनला बदली झाली, तिथून नागपूरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. दोन्ही ठिकाणी रामन यांनी राहत्या घरातच छोटी प्रयोगशाळा थाटली. १९११ मध्ये ते कोलकात्याला परतले, पण पुढची ऑर्डर कधी येईल याचा नेम नव्हता.

ऑफर आली, पण अटीसकट

१९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठाचं विज्ञान महाविद्यालय उभं राहत होतं. पैसा सरकारचा नव्हता, तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी दिलेल्या देणग्यांचा होता. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना भौतिकशास्त्राच्या ‘पालित प्राध्यापक’पदासाठी रामन हवे होते.

पगार सरकारी पगाराच्या जवळपास निम्मा. तोही रामन यांना चालणार होता. घोडं अडलं दुसरीकडेच. प्राध्यापकाने परदेशात प्रशिक्षण घेऊन यावं, अशी देणगीची अट होती. रामन यांनी जायला नकार दिला. स्वतःच्या हिमतीवर इथेच काम उभं केलेल्या माणसाने शिकण्यासाठी परदेशी का जावं, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी पालित वारले आणि पहिलं महायुद्धही सुरू झालं.

इथे रामन यांनी जे केलं ते फारसं फिल्मी नाही. त्यांनी राजीनामा दिला नाही आणि अटही मान्य केली नाही. सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा, दिवसभर हिशेब, हे चालूच ठेवलं. थांबून त्यांचं फारसं नुकसान होत नव्हतं. पगार येत होता, निबंध छापून येत होते आणि व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांवरच्या कामामुळे नाव वाढत होतं. वाट पाहण्याची गरज त्यांच्यापेक्षा विद्यापीठालाच जास्त होती. हे सगळ्यांना जमण्यासारखं नसतं, हेही खरं.

शेवटी परदेशाची अट बाजूला ठेवली गेली. जुलै १९१७ मध्ये रामन हिशेब खातं सोडून पालित प्राध्यापक झाले. पगार घटला, पण बदलीचं भूत उतरलं आणि अख्खा दिवस हाती आला. बऊबाजारची प्रयोगशाळाही सुटली नाही. १९१९ मध्ये अमृतलाल गेल्यावर तिचं सचिवपद रामन यांच्याकडेच आलं.

परदेशात ते गेले, पण १९२१ मध्ये आणि शिकायला नाही, तर विद्यापीठांच्या परिषदेसाठी. परतीच्या बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाच्या विखुरण्याकडे वळवलं. सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, के. एस. कृष्णन यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांतून ‘रामन इफेक्ट’ सापडला, तोही बऊबाजारच्याच प्रयोगशाळेत. १९३० चं नोबेल त्याच कामाला मिळालं.

१९३३ मध्ये रामन बंगळूरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले आणि कोलकाता सुटलं. १९३८ मध्ये पालित प्राध्यापकाच्या खुर्चीवर मेघनाद साहा आले. कोवळ्या वयात याच विज्ञान महाविद्यालयात त्यांनी लेक्चरर म्हणून सुरुवात केली होती.