गुल्येल्मो मार्कोनी : समुद्राला वाचा देणारा संशोधक

गुल्येल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. १९०१ मध्ये त्यांनी बिनतारी संदेश अटलांटिकपार नेला. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९१२ साली टायटॅनिकची बिनतारी हाक जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने ऐकली नाही, कारण त्याचा संच रात्रीसाठी बंद होता. दूरच्या कार्पेथियाने ती ऐकली व सुमारे ७०० जीव वाचले. १९३१ मध्ये मार्कोनींनी व्हॅटिकन रेडिओ उभारला आणि पोप पायस अकरावे यांचा आवाज जगभर पोहोचला. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले.

वर्सोवा, मढ, गोराईच्या मच्छीमार बोटींवरील वायरलेस सेट हा त्यांचाच वारसा होय. संकटात चॅनेल १६ वरून दिलेली हाक आसपासच्या बोटींना ऐकू येते. मात्र ऐकणाऱ्याचा सेट चालू असेल तरच.