ज्ञानाची समग्र दृष्टी : कर्मवीर भाऊराव पाटील

वस्तूला अनेक अंगे असतात व एका अंगालाच पूर्ण सत्य मानणे हा दृष्टिदोष होय, ही अनेकान्ताची शिकवण आपण प्रवचनांतून नित्य ऐकतो. हीच दृष्टी शिक्षणक्षेत्रात प्रत्यक्ष उतरविणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात जन्मले. या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी देवगाव रंगारीच्या श्रावकांनी त्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या संस्थेत घडलेली ही घटना अशा स्मरणिकेत लिहिताना संकोच वाटतो. परंतु ती गाळली तर हे चरित्रच एकांगी होईल. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मॅट्रिकची पायरी मात्र ते ओलांडू शकले नाहीत.

पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. ज्याच्या हाती जमिनीचे ज्ञान आहे त्याला अक्षर नाही, आणि ज्याला अक्षर आहे त्याला श्रमाची लाज वाटते, हे चित्र त्यांनी जवळून पाहिले. या दोन्ही तुटलेल्या अंगांना जोडण्याचा ध्यास घेऊन ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

त्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम मुलेच करीत. श्रम हा तेथे शिक्षणाचाच भाग होता, आणि पंगत हीदेखील एक शाळाच होती. कमवा आणि शिका ही योजना त्यातून आकारास आली. कर्मठ संस्कारांत वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या सर्व मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. अपरिग्रहाचे याहून मोठे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागेल. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. वसतिगृह चालूच राहिले.

त्या काळी आपला मराठवाडा निजामी राजवटीत होता. मराठीतून उच्च शिक्षण घेणे येथील मुलांना दुरापास्त होते. तिकडे साताऱ्यात १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. खेड्यातील मुलाला शिकवावयाचे तर खेडे जाणणारा शिक्षक हवा, म्हणून हायस्कूलच्या आधी त्यांनी अध्यापक घडविण्याकडे लक्ष दिले. हा क्रमच त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देतो.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षणमहर्षीस पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी.लिट. पदवीने गौरविले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात, आपल्या मुलांच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे.