पोलादाच्या अंतरंगात डोकावणारा अभियंता

मंठा : घराचा स्लॅब टाकताना जालन्याच्या रोलिंग मिलमधील टीएमटी सळया वापरणाऱ्या मंठेकरांना अॅडॉल्फ मार्टेन्स हे नाव क्वचितच ठाऊक असेल. सळईचे कठीण कवच ज्या रचनेतून घडते, तिला मात्र याच जर्मन अभियंत्याचे नाव लाभले आहे.

६ मार्च १८५० रोजी मेक्लेनबर्गमध्ये जन्मलेले मार्टेन्स बर्लिनमध्ये शिकून प्रशियाच्या रेल्वेत रुजू झाले. पुलांसाठी येणाऱ्या लोखंडाची पारख त्यांच्याकडे आली. वरून सारखे दिसणारे दोन तुकडे. एक टिकतो, दुसरा अवचित तुटतो. प्रवाशांचे प्राण त्या फरकावर अवलंबून होते. धातू घासून, त्यावर आम्ल लावून मार्टेन्स तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. इंग्लंडमध्ये हेन्री सॉर्बी यांनी हा मार्ग आधी चोखाळला होता. मार्टेन्स तेथे स्वतंत्रपणे पोहोचले. १८८४ मध्ये ते बर्लिनच्या सरकारी चाचणी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तापलेले पोलाद झटकन थंड केल्यावर तयार होणाऱ्या कठीण रचनेला फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्मंड यांनी १८९५ मध्ये ‘मार्टेन्साइट’ हे नाव दिले. १९१४ मध्ये मार्टेन्स यांचे निधन झाले.

टीएमटी सळईत हेच घडते. तप्त सळईवर पाण्याचा मारा होताच तिची कड कठीण होते. गाभ्यातील धग त्या कडेचा ठिसूळपणा घालवते. गाभा सावकाश निवून चिवट राहतो. पाण्याचे प्रमाण वा वेळ चुकली, तर सळईचा दर्जा ढासळतो. कापलेल्या टोकावर आम्ल लावले की बाहेरचे कडे डोळ्यांना दिसते. वरच्या चकाकीवर न जाता आत पाहावे, हाच मार्टेन्स यांचा धडा.