स्मृतिदिन विशेष : डोंगर भाड्याने घेऊन बंदुका थांबवणाऱ्या रोझलीबाई

आज ३० नोव्हेंबर. १९६२ साली याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये रोझली एज या बाईंचं निधन झालं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. पण ससाणे, गरुड मोजणारी माणसं जगात जिथं जिथं आहेत, तिथं या बाईंना मान आहे. त्यांनी अमेरिकेतला एक डोंगर भाड्याने घेऊन तिथली पक्ष्यांची कत्तल बंद पाडली. त्याच डोंगरावर बसून दरवर्षी पक्षी मोजायला सुरुवात झाली. आणि त्या मोजणीच्या वहीने पुढे डीडीटीसारख्या औषधाचं पितळ उघडं पाडलं. म्हणून शेतकऱ्यानं ही गोष्ट वाचायलाच हवी.

श्रीमंत घरची लेक

रोझलीबाईंचा जन्म १८७७ चा, न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरातला. १९०९ मध्ये जपानातल्या योकोहामा शहरात चार्ल्स एज या इंग्रज इंजिनिअरशी त्यांचं लग्न झालं. काही वर्षं आशियात फिरून दोघं न्यूयॉर्कला परतली. एक मुलगा, एक मुलगी झाली.

त्या काळी तिथल्या बायकांना मताचा अधिकार नव्हता. रोझलीबाई त्या चळवळीत उतरल्या. पत्रकं काढायची, सभेत उभं राहून बोलायचं, मोठ्या माणसाला अवघड प्रश्न विचारायचा, हे सगळं त्या तिथं शिकल्या. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत मिळालं, १९२० मध्ये सगळ्या देशात.

पुढं १९२१ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. त्या दुःखाच्या काळात बाईंना पक्षी बघायचा नाद लागला. शहराच्या मधोमध सेंट्रल पार्क नावाची मोठी बाग आहे, तिथं त्या दुर्बीण घेऊन जायच्या. तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्या पुढचं. म्हणजे पक्ष्यांचं काम त्यांनी तरुणपणी नाही, उतरत्या वयात हाती घेतलं.

आपल्याच संस्थेला कोर्टात खेचलं

१९२९ च्या उन्हाळ्यात बाई पॅरिसला असताना एक पुस्तिका त्यांच्या हातात पडली. पक्षी वाचवायच्या नावानं चालणाऱ्या मोठ्या संस्था शिकाऱ्यांपुढं गप्प बसतात, असा तिचा सूर होता. अमेरिकेत तेव्हा सगळ्यात मोठी संस्था ऑडुबॉन नावाची. बाई तिच्या आजीव सभासद होत्या. परत आल्यावर त्या वार्षिक सभेत गेल्या आणि उभं राहून जाब विचारला. पदाधिकाऱ्यांना ते झोंबलं.

बाईंनी मग आपली छोटी समिती काढली, आणीबाणी संवर्धन समिती. समिती कसली, बाई आणि दोन-चार सोबती. पण पत्रकं जोरात निघू लागली. लुईझियाना राज्यातल्या पक्षी अभयारण्यात ही संस्था प्राण्यांना सापळे लावू देते आणि कातड्याचा पैसा घेते, हे त्यांनी चव्हाट्यावर आणलं. सभासदांना थेट पत्र लिहावं तर संस्था पत्त्यांची यादी देईना. बाई कोर्टात गेल्या आणि १९३१ मध्ये यादी मिळवली. शेवटी १९३४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं.

गावच्या सोसायटीत एखादा सभासद हिशोब मागायला उठला की त्याच्याकडं कसं बघतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या काळात बाईमाणसानं हे केलं.

डोंगरावर मेलेल्या ससाण्यांच्या रांगा

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडं गेलेली. थंडी सुरू व्हायच्या आधी उत्तरेकडचे ससाणे, बाज, गरुड दक्षिणेला निघतात. तेव्हा या रांगेवरून जाणं त्यांना सोपं पडतं. नाणेघाटात किंवा साताऱ्याकडं सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा आपण बघतो. वारा कड्याला धडकून वर उसळतो आणि पाणीही वर फेकतो. तिथंही तसंच. वायव्येचा वारा डोंगराला थडकतो, वर चढतो, आणि पक्षी पंख पसरून त्या वाऱ्यावर तरंगत मैलच्या मैल जातात. पंख मारायची मेहनत वाचते.

पण याचमुळं पक्षी माथ्यावर बसलेल्या माणसाच्या अगदी जवळून जायचे. शिकारी तिथं बंदुका घेऊन बसायचे. ससाणा म्हणजे कोंबड्या पळवणारा चोर, अशी सगळ्यांची समजूत. गोशॉक जातीचा ससाणा मारला की सरकार पाच डॉलर बक्षीस द्यायचं. मंदीच्या दिवसांत ही रक्कम मोठी होती. शिवाय एवढ्या उंचावर उडणारा पक्षी नेमका कुठल्या जातीचा, हे बघायला थांबतो कोण? दिसेल त्याला गोळी.

१९३२ मध्ये रिचर्ड पॉ नावाचा तरुण तिथं गेला. मेलेले पक्षी गोळा करून त्यानं जमिनीवर रांगेनं मांडले आणि फोटो काढले. ते फोटो रोझलीबाईंनी बघितले. मोठी संस्था काहीतरी करील म्हणून त्यांनी वाट बघितली. १९३४ साल उजाडलं तरी काही हालचाल नाही. मग बाईंनी स्वतःच जागेच्या मालकाशी बोलणी केली. सुमारे १४०० एकर डोंगर ५०० डॉलरला भाड्याने घेतला. पैसे उसने घेतले. पुढं विकत घेण्याचा हक्कही कागदावर लिहून घेतला आणि काही वर्षांत डोंगर खरेदी करून संस्थेच्या नावावर केला. तेच हॉक माउंटन, शिकारी पक्ष्यांसाठी राखलेलं जगातलं पहिलं अभयारण्य.

राखणदार आणि त्याची वही

कागद झाला, पण राखण कोण करणार? मॉरिस ब्राऊन नावाचा पक्ष्यांचा जाणकार आणि त्याची बायको अर्मा, दोघं सप्टेंबर १९३४ मध्ये तिथं आले. पगार न घेता. बंदी असल्याच्या पाट्या ठोकल्या. बंदूकवाले चिडले, धमक्या दिल्या. अर्मा रस्त्यावर उभी राहून त्यांना परत पाठवायची. त्या हंगामापासून डोंगरावरच्या बंदुका थांबल्या.

मग ब्राऊन माथ्यावरच्या खडकावर बसून मोजू लागला. उंची १५०० फूट. रोज तीच जागा. कुठल्या तासाला, कुठल्या जातीचे किती पक्षी गेले, वारा कुठला, ढग किती, सगळं लिहायचं. पहिल्याच हंगामात दहा हजारांवर पक्षी मोजले गेले.

मोजायचीही रीत असते. सप्टेंबरच्या मध्याला रुंद पंखांचे बाज थव्यानं येतात आणि गरम हवेच्या भोवऱ्यात गरगर फिरत वर चढतात. त्या गर्दीत मोजायला गेलं की तोच पक्षी दोनदा मोजला जातो. म्हणून थांबायचं. वर पोचले की ते एका मागोमाग एक सरळ निघतात, मेंढरं वाड्यातून बाहेर पडावीत तसे. तेव्हा मोजायचं. नोव्हेंबरपर्यंत सोनेरी गरुड येत राहतात. आज ही मोजणी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर चालते आणि एका हंगामात साधारण अठरा हजार पक्षी नोंदले जातात. दुसऱ्या महायुद्धात ब्राऊन नौदलात गेला तेवढी तीन वर्षं खंड पडला.

वहीतले आकडे बोलू लागले

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी शेतोशेती पोचलं. आपल्याकडंही मलेरियावाले येऊन घराच्या भिंतीवर ते मारायचे, जुन्या माणसांना आठवत असेल. डास मरायचे, पीक वाचायचं, सगळे खूश.

इकडं डोंगरावरच्या वहीत मात्र काहीतरी बिघडलेलं दिसत होतं. पांढऱ्या डोक्याचा गरुड चार-पाच वर्षांचा झाल्यावरच त्याचं डोकं पांढरं होतं. त्याआधी तो तपकिरी असतो. म्हणून लांबूनही जाणता गरुड कुठला आणि लहान कुठला, ते ओळखू येतं. १९३५ ते १९३९ मध्ये मोजलेल्या गरुडांत १०० मागं ४० लहान होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० वर आले. १९५७ मध्ये तर ३२ जाणत्या गरुडांमागं एकच लहान दिसला. म्हणजे मोठे गरुड उडत होते, पण घरट्यात पिल्लंच होत नव्हती.

रेचल कार्सन या लेखिकेनं ब्राऊनकडून हे आकडे मागवले आणि १९६२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात घातले. कारण पुढं संशोधकांनी शोधलं. डीडीटी किड्यातून, माशातून गरुडाच्या अंगात साठतं, अंड्याचं कवच पातळ होतं आणि अंडी उबवतानाच फुटतात. १९७२ मध्ये अमेरिकेत शेतात डीडीटी मारायला बंदी आली. त्याच साली ससाणे-गरुडांना देशपातळीवर कायद्याचं संरक्षण मिळालं. गरुड पुन्हा वाढले, इतके की २००७ मध्ये त्यांना धोक्यातल्या यादीतून काढलं.

रोझलीबाईंना हे बघायला मिळालं नाही. एक मात्र झालं. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्या ऑडुबॉनच्या वार्षिक सभेला गेल्या. ज्या संस्थेनं त्यांना त्रासदायक बाई ठरवलं होतं, तिथलंच सगळं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या गेल्या.

आपल्या आभाळातले पाहुणे

याच नोव्हेंबरच्या सुमारास अमूर ससाणा आपल्या महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग धरणाजवळ हे ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले गेले. बातमी बाहेर आली, गावकऱ्यांनी बसून ठरवलं आणि पुढच्याच हंगामात शिकार बंद झाली. म्हणजे हे आपल्या देशातही झालेलं आहे.

ससाणा, घार, घुबड ही शेतातली उंदीर खाणारी मंडळी. ती कमी झाली की पहिला फटका आपल्यालाच. डोंगर भाड्याने घेणं प्रत्येकाला जमणार नाही, पण मोजणं जमेल. टेकडीवर ठरलेल्या जागी बसायचं, तारीख, वेळ, वारा आणि पक्ष्यांचा आकडा लिहायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत त्याच जागी जायचं. शाळेच्या पोरांना सोबत घेतलं तर आणखी बरं. ब्राऊनच्या वहीलाही खरी किंमत आली ती वीस वर्षांनी.