आवाज गाळणारे इंजिनियर : रॉबर्ट मोग



चरित्र-परिचयाच्या या पानावर शास्त्रज्ञ येतात, गायक-वादकही येतात. या वेळी आम्ही अशा व्यक्तीची निवड केली आहे, जी दोन्ही रांगांत बसते, आणि खरे पाहता कोणत्याच एका रांगेत पूर्ण बसत नाही. घरातला कीबोर्ड, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, चित्रपटाचे पार्श्वसंगीत, या सर्वांत ज्यांच्या कामाचा थोडाफार अंश आहे असे अमेरिकन इंजिनियर रॉबर्ट मोग. इंग्रजी स्पेलिंगवरून पुष्कळ जण 'मूग' असे वाचतात आणि मुलांना डाळ आठवून हसू येते. पण ते स्वतः उच्चार 'मोग' असाच करीत.

त्यांचा जन्म २३ मे १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील वीज कंपनीत इंजिनियर होते आणि हौशी रेडिओवाले होते. घराच्या तळघरात त्यांची छोटी कार्यशाळा होती. आईची इच्छा मात्र मुलाने मोठा पियानोवादक व्हावे अशी होती. रोज तासन् तास पियानोचा रियाज तिने त्याच्याकडून करून घेतला. मुलाचे मन तळघराकडे ओढ घेई. (असे घर आपल्यापैकी कित्येकांना ओळखीचे वाटेल. फक्त पियानोच्या जागी आता कोचिंग क्लास आहे.) चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मासिकातला नकाशा पाहून 'थेरेमिन' नावाचे वाद्य बनवले. रशियन शास्त्रज्ञ लिऑन थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेले हे वाद्य हात न लावता वाजते. त्याच्या दोन अँटेनांजवळ हवेत हात हलवले की स्वर आणि त्याची मोठी-लहान पातळी बदलते.

हेच वाद्य पुढे त्यांच्या चरितार्थाचे साधन झाले. १९५४ मध्ये त्यांनी वडिलांबरोबर थेरेमिन बनवण्याचा धंदा सुरू केला. क्वीन्स कॉलेज, कोलंबिया आणि कॉर्नेल येथे भौतिकशास्त्र व इंजिनियरिंगचे शिक्षण चालू होते, त्याच्या जोडीला हे काम. १९६१ मध्ये, सुटे भाग एका पेटीत भरून घरपोच पाठवायचे आणि ग्राहकाने ते स्वतः जोडायचे, अशी योजना त्यांनी काढली. किंमत ४९.९५ डॉलर होती आणि सुमारे १००० संच विकले गेले. कॉर्नेलची पीएच.डी. मात्र लांबत लांबत १९६५ मध्ये पूर्ण झाली.

१९६३ च्या अखेरीस संगीत-शिक्षकांच्या एका संमेलनात हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशी त्यांची भेट झाली. डॉइच यांना नव्या प्रकारचे आवाज हवे होते. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे टेपचे तुकडे कापून चिकटवण्याचे किचकट काम होते. १९६४ च्या उन्हाळ्यात दोघांनी ट्रूमन्सबर्ग या छोट्या गावी मोग यांच्या कार्यशाळेत एकत्र काम केले. आवाज उत्पन्न करणारा एक डबा, तो लहान-मोठा करणारा दुसरा, आणि दोघांना जोडणाऱ्या तारा. युक्ती अशी की प्रत्येक डबा हाताने बटण फिरवून चालवता येई, तसाच दुसऱ्या डब्याकडून आलेल्या विजेच्या दाबानेही चाले. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जाई. हाच मॉड्युलर सिंथेसायझर.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येतो, तो म्हणजे फिल्टर. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे संगीतकार गुस्ताव चामागा यांनी सुचवले की आवाज गाळणारा डबाही विजेच्या दाबावर चालला पाहिजे. गाळणे म्हणजे काय? अनंत चतुर्दशीला झांक्यांची मिरवणूक जात असताना घराची दारे-खिडक्या बंद केल्या, की झांजा आणि सनईचा तीक्ष्णपणा नाहीसा होतो आणि ढोलाची धमधम तेवढी आत येते. भिंतीने वरच्या वारंवारता अडवल्या, खालच्या जाऊ दिल्या. (आम्ही हे सर्व हिंदी माध्यमातून 'आवृत्ति' म्हणून शिकलो, मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते, त्यामुळे सुरुवातीला आमचा बराच गोंधळ उडे.) कोणत्याही वाद्याच्या एका स्वरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. त्यांतल्या किती ठेवायच्या आणि किती गाळायच्या, यावर त्या स्वराचा रंग ठरतो. 'ऊ' म्हणता म्हणता हळूहळू 'आ' म्हणून पाहा. गळ्यातला स्वर तोच राहतो, तोंडाचा आकार गाळणीचे काम करतो.

मोग यांनी यासाठी ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये कपॅसिटर बसवला. नकाशात हे अगदी शिडीसारखे दिसते आणि नावही 'शिडी फिल्टर' असेच पडले. वीजप्रवाह वाढवला की ट्रान्झिस्टरचा रोध कमी होतो आणि गाळणीची सीमा वर सरकते. प्रवाह घटवला की खाली येते. अशा चार पायऱ्या आहेत. सीमेच्या पुढे प्रत्येक सप्तकाला आवाज २४ डेसिबलने घटतो, म्हणजे त्याचा जोर सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येतो. बाहेर पडलेला आवाज थोडा परत आत सोडला की सीमेजवळचे स्वर उठून दिसतात, आणि जास्त सोडला तर फिल्टर स्वतःच शिटी वाजवू लागतो. खालचे जाऊ देणारा, वरचे जाऊ देणारा, असे दोन वेगळे डबे त्यांनी केले. आणि दोघांना जोडणारा तिसरा, ज्याने मधलाच पट्टा ठेवता येई किंवा मधलाच पट्टा काढून टाकता येई. ही सर्व कामे एकाच छोट्या परिपथातून करणारे 'मल्टिमोड' फिल्टर पुढे इतरांनी लोकप्रिय केले. टॉम ओबरहाइम यांचे १९७४ चे यंत्र त्यांत प्रसिद्ध आहे. पण शिडीचा भरदार आवाज वेगळाच, असे वादक मानतात. तिचे पेटंट मोग यांना १९६९ मध्ये मिळाले.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी याच यंत्रावर बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवल्या. यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघे, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून त्या एकमेकींवर मुद्रित कराव्या लागल्या. ती ध्वनिमुद्रिका अफाट खपली आणि मोग यांचे नाव जगभर झाले. पुढच्याच वर्षी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग यंत्र बसवले. तेथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी प्रयोग केले. आपल्या शेजारच्या राज्यात, इतक्या लवकर!

१९७० मध्ये सहज उचलून नेता येणारा 'मिनीमोग' आला. परंतु मोग व्यवहारात कच्चे होते. मागणी चढली तशी कर्जे चढली, मग मागणी उतरली आणि कर्जे तशीच राहिली. १९७१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली. १९७७ पर्यंत ते तेथे नोकरीत राहिले, आणि बाहेर पडले तेव्हा यंत्रांवर आपले आडनाव लावण्याचा हक्कही त्यांच्याकडे उरला नव्हता. आम्हाला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत कठीण वाटतो. नॉर्थ कॅरोलिनात जाऊन त्यांनी 'बिग ब्रायर' या वेगळ्या नावाने छोटी कार्यशाळा उघडली आणि पुन्हा थेरेमिन बनवू लागले. मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत नोकरीही केली. पुढे कायदेशीर झगडा करून २००२ मध्ये त्यांनी आपले नाव परत मिळवले. तेव्हा त्यांचे वय ६८ होते. त्याच वर्षी त्यांचा नवा मिनीमोग बाजारात आला.

तीनच वर्षे त्यांना मिळाली. मेंदूतील गाठीच्या आजाराने २१ ऑगस्ट २००५ रोजी अ‍ॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

अहमदाबादच्या त्या टेप संस्थेच्या संग्रहात बरीच वर्षे तशाच पडून होत्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराच्या त्या हाती लागल्या आणि २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्या जरूर मिळवून ऐकाव्यात. संगीत म्हणून कदाचित लगेच आवडणार नाहीत. आम्हालाही दोनदा ऐकाव्या लागल्या. एकच स्वर हळूहळू मिटत आणि पुन्हा उघडत जातो, तेथे कान द्या.