सन्मानपत्रांच्या वहीतलं एक पान

फॅरेडेचा नियम लिहिल्याशिवाय आपल्यापैकी कुणी फर्स्ट इयर पार केलेलं नाही. मी तर इलेक्ट्रिकलचा, मला तो चारही वर्षं पुरला! पण नियमापलीकडचा फॅरेडे मला भेटला लायब्ररीतल्या एका जुन्या चरित्रात, आणि तोही प्लेसमेंटच्या दिवसांत, जेव्हा आख्ख्या विंगमध्ये पॅकेज सोडून दुसरा विषय नव्हता.

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनला लागून असलेल्या न्यूइंग्टन बट्समधला. वडील लोहार, तब्येतीनं कायम अधू. १८०१ च्या महागाईत नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला ब्रेडचा एक पाव यायचा, तो त्यानं आठवडाभर पुरवायचा. चौदाव्या वर्षी तो बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत शिकला. विज्ञानाच्या व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा. तो द्यायचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करत होता. धाकट्याच्या फीसाठी राबणारा थोरला आपल्या होस्टेलमधल्या बऱ्याच जणांच्या घरी असेल.

वडील १८१० मध्ये गेले. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीच्या हाताखाली नोकरी लागली. पुढे आईला आधार त्याचाच होता, आणि धाकट्या बहिणीच्या शाळेचा खर्च निघावा म्हणून तो दिवसाआड जेवण सोडायचा.

आता प्रेमप्रकरण. तरुणपणी या गृहस्थानं प्रेमाची टर उडवणाऱ्या कविता लिहून ठेवल्या होत्या. पुढे तो सारा बार्नार्डच्या प्रेमात पडला, आणि तिच्या भावाला त्या कविता माहीत होत्या! तिनं अर्थातच त्या बघायला मागितल्या. १८२० मध्ये यानं पत्रानं मागणी घातली. तिनं ते पत्र वडिलांना दाखवलं, तर ते हसले. मग ती बहिणीबरोबर रॅम्सगेटला गेली, तर हा पठ्ठ्या मागोमाग तिथे हजर. १२ जून १८२१ ला लग्न झालं. थाटमाट नकोच होता त्याला, त्यामुळे काही जवळच्या नातेवाइकांना बोलावलंच नाही आणि ते रुसले.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आपल्या मोटरची ती पणजी. तेव्हा खोलीत होता साराचा लहान भाऊ जॉर्ज. आनंदानं फॅरेडे नाचला आणि मग त्या पोराला घेऊन सर्कशीला गेला. नाताळच्या दिवशी पृथ्वीच्याच चुंबकत्वावर तार फिरली, तेव्हा त्यानं हाक मारली बायकोला.

याला मानसन्मानाचं काहीच नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या फिरणाऱ्या तारेवरून कल्पना चोरल्याचा आळ आला, तेव्हा तो फार दुखावला. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वाला खुद्द डेव्हीनं विरोध केला तरी त्यानं अर्ज मागे घेतला नाही, आणि १८२४ मध्ये तो निवडून आला. २९ ऑगस्ट १८३१ ला विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडलं आणि मग पदकं, पदव्यांची रांग लागली. ती सगळी पत्रं त्यानं एका वहीत नीट जपून ठेवली. बुकबाइंडरच शेवटी!

मला हा माणूस आवडला तो त्या वहीमुळे. २५ जानेवारी १८४७ ला, लग्नाला पंचवीस वर्षं उलटल्यावर, त्यानं त्या सन्मानपत्रांमध्येच आपल्या लग्नाची तारीख लिहिली आणि नोंदवलं, की मान आणि सुख या दोन्ही बाबतींत ही गोष्ट बाकी सगळ्यांच्या कितीतरी वरची आहे. दुसऱ्या कुणाला दाखवायला नव्हे. स्वतःच्याच बायोडेटात, म्हणा ना.

नंतर त्यानं सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही दोनदा नाकारलं. साधा मायकेल फॅरेडेच राहायचं होतं त्याला. मूलबाळ नव्हतं, पण भाच्या घरात वावरायच्या. एक तर शिवण घेऊन प्रयोगशाळेत बसायची. मुलांना गंमत म्हणून तो पाण्यात पोटॅशियम टाकून दाखवायचा. (कृपया आपल्या लॅबमध्ये करू नये.)

सारा विज्ञानात रमणारी नव्हती. नवऱ्याच्या शिणलेल्या डोक्याला विसावा देणं हे तिनं आपलं काम मानलं. लेडीज होस्टेलमधून यावर आक्षेप येईल आणि तो मला मान्यच आहे. पण तिचं मोल तो जाणून होता. उतारवयात त्याची स्मरणशक्ती फार ढासळली. १८६३ मध्ये ग्लासगोहून त्यानं तिला लिहिलं, की समोर बसलेली माणसंही आता आठवत नाहीत, कधी एकदा तुला भेटतो असं झालंय.

२५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत साधा दगड आहे, त्यावर एकही पदवी नाही. १८७९ मध्ये सारा गेली, तिलाही तिथेच ठेवलं.