डॉ. नॅथॅनिएल वॉलिक आणि मठांतील वृक्ष

ज्यांच्या परिश्रमांनीं हिंदुस्थानांतील वनस्पतींची ओळख साऱ्या जगाला झाली, त्यांत डॉ. नॅथॅनिएल वॉलिक यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म २८ जानेवारी १७८६ रोजीं डेन्मार्कांतील कोपनहेगन शहरीं एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरीं झाला. शस्त्रवैद्यकाचें शिक्षण घेऊन १८०७ सालीं ते बंगालमधील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतींत वैद्य म्हणून आले. परंतु लवकरच युरोपांतील युद्धामुळें इंग्रजांनीं ती वसाहत घेतली व हा परका तरुण कैदी झाला. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग यांनीं त्याची विद्या ओळखून त्याला सोडवून आणिलें. पुढें १८१७ पासून १८४६ पर्यंत त्याच उद्यानाचा कारभार वॉलिक यांनीं पाहिला.

गुणांची कदर करणारीं माणसें त्यांना लाभलीं आणि ते ऋण ते विसरले नाहींत. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम कॅरी हे त्यांचे स्नेही. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा वनस्पति-ग्रंथ या दोघांनीं छापून काढिला. कलकत्त्याच्या प्रसिद्ध पदार्थसंग्रहालयाची सूचनाही १८१४ सालीं वॉलिक यांनींच केली होती.

ब्रह्मदेशांतील पहिलें युद्ध संपल्यावर तेथील अरण्यांची पाहणी करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्या प्रवासांत १८२७ सालीं, मार्तबानजवळ साल्विन नदीच्या कांठीं एका ओसाड मठाच्या बागेंत त्यांना दोन अपूर्व वृक्ष दिसले. फांद्यांवरून शेंदरी फुलांचे लांब घोस लोंबत होते व पाकळ्यांच्या टोकांवर पिवळा रंग होता. जवळच्या गुहांतील बुद्धमूर्तींपुढें लोकांनीं त्या फुलांच्या ओंजळी वाहिल्या होत्या. तत्कालीन गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट व त्यांची कन्या यांच्या सन्मानार्थ वॉलिक यांनीं त्या वृक्षास ‘ॲम्हर्स्टिया नोबिलिस’ हें नांव दिलें.

हा वृक्ष शेंगा धरणाऱ्या शिंबी कुलांतील आहे. आपली तूर व हरभरा त्याचे दूरचे आप्त, तर सीतेचा अशोक जवळचा. तरी त्याचें बीं फार क्वचित धरतें, म्हणून दाबकलम करून रोपें वाढवावीं लागतात. रानांत तर तो अगदीं थोड्या वेळां आढळला आहे. जगांतील बहुतेक वृक्ष माणसांनीं लाविलेले आहेत. ज्या अनामिक हातांनीं तो मठाच्या अंगणांत लावून जोपासला, त्यांचें नांव कोणत्याही ग्रंथांत नाहीं. वॉलिक यांनीं नांव दिलें. प्राण त्या हातांनीं राखिले होते.

वॉलिक यांनीं आपला संग्रह कुलुपांत ठेविला नाहीं. १८२८ सालीं ते हजारों वाळविलेले नमुने लंडनला घेऊन गेले व निरनिराळ्या देशांतील विद्वानांना त्यांनीं ते वांटून दिले. १८४९ सालीं इंग्लंडांत, ईलिंग येथील एका बागेंत, हा वृक्ष त्या देशांत प्रथमच फुलला. तेव्हां वृद्ध वॉलिक लंडनमध्येंच राहत होते. २८ एप्रिल १८५४ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

विद्यार्थ्यांनो, आपल्या घरामागील, देवळाच्या अथवा शाळेच्या आवारांतील जुन्या झाडाचें नांव वडील माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. एखादी वनस्पति केवळ कोणाच्या तरी अंगणाच्या आश्रयानें उरलेली असते. तें अंगण मोडलें, कीं तिची ओळखही मागें राहत नाहीं.